किनाऱ्याच्या व्यवस्थापनात लोकांना सहभागी कसे करून घ्यावे

फिलिपाइन्समधील सिलिमन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुमिलोन या लहानशा बेटालगतच्या प्रवाळखडकाचा सुमारे एक चतुर्थांश भाग मासेमारीसाठी बंद करण्यात आला. बंदीचा परिणाम चांगला झाला. आत मासळी वाढली आणि बंद पट्ट्याबाहेर मासेमारी करणाऱ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. मात्र हा पट्टा विद्यापीठाचा आहे, आपला नव्हे, अशीच आसपासच्या मच्छीमारांची भावना राहिली. १९८४ मध्ये स्थानिक राजकारणाचे वारे फिरताच संरक्षण उठले, लोक बंद क्षेत्रात शिरले आणि दोनेक वर्षांतच बेटाभोवतीची एकूण मासळी जवळपास निम्म्यावर आली. त्याच विद्यापीठातील मंडळींनी जवळच्या आपो बेटावर वेगळा मार्ग धरला. तेथे त्यांनी आधी काही वर्षे केवळ बेटावरील कुटुंबांशी बोलण्यात घालवली. १९८२ मध्ये त्या कुटुंबांनी स्वतःच खडकाचा एक तुकडा बंद करण्याचे ठरवले, १९८५ मध्ये त्याला नियमाचे रूप मिळाले आणि पहाराही बेटावरचेच लोक देऊ लागले. शास्त्र दोन्हीकडे एकच होते. सुमिलोनला उणीव होती ती आधीच्या बोलण्याची.

किनाऱ्याचा आराखडा तयार करणे, राखीव क्षेत्र आखणे, धूप रोखण्यासाठी बंधारा बांधणे किंवा तो न बांधण्याचा निर्णय घेणे ही कामे ज्यांच्याकडे येतात, अशा अधिकाऱ्यांसाठी, संस्थांसाठी आणि अभ्यासकांसाठी पुढील मार्गदर्शन आहे. लोकांना केव्हा विचारायचे, कोणाला विचारायचे, कसे विचारायचे आणि विचारून झाल्यावर त्यांचे काय देणे लागतो, या क्रमाने ते मांडले आहे. यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक वेळा राहून जातो.

पहिली बैठक बोलावण्यापूर्वी

सहभागाच्या कामातील सर्वांत मोठी चूक पहिल्या बैठकीआधीच झालेली असते. निविदा निघालेली असते, नकाशावर रेघा ओढलेल्या असतात, निधी कोणत्या शीर्षाखाली खर्च व्हायचा तेही ठरलेले असते, आणि मग लोकांना ‘आपल्या सूचना द्या’ असे सांगितले जाते. हा वरातीमागून घोडे हाकण्याचा प्रकार आहे आणि लोकांना तो लगेच कळतो. पर्यावरणविषयक माहिती, लोकसहभाग आणि न्याय मिळवण्याचा हक्क या तीन गोष्टींसाठी १९९८ मध्ये झालेल्या आर्हुस करारात याविषयी नेमकी अट आहे : सर्व पर्याय खुले असतानाच, म्हणजे सुरुवातीलाच, लोकांना सहभागी करून घेतले पाहिजे. आपला देश त्या करारात असो वा नसो, ही कसोटी कोणत्याही प्रकल्पाला लावून पाहता येते. तुमच्या कामात आज नेमके कोणते पर्याय खुले आहेत, असे कोणी विचारले आणि त्याचे उत्तर देता आले नाही, तर बैठक बोलावण्याची घाई करू नये.

म्हणून प्रथम एक पानभर टिपण लिहावे. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडाव्यात. कायद्यामुळे किंवा निसर्गनियमामुळे ज्यांत बदल शक्य नाही अशा बाबी कोणत्या. ज्यांवर लोकांच्या म्हणण्याने निर्णय खरोखर बदलू शकतो अशा बाबी कोणत्या. आणि ज्यांचा निर्णय पूर्णपणे लोकांवरच सोपवायचा आहे अशा बाबी कोणत्या. उदाहरणार्थ, कासवे अंडी घालतात त्या पुळणीवर विणीच्या हंगामात प्रखर दिवे नकोत, ही बाब पहिल्या गटात जाईल, कारण कृत्रिम प्रकाशाने पिल्लांची दिशा चुकते आणि ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. पुळणीवर येण्याजाण्याची वाट कोठून असावी, हे दुसऱ्या गटात जाईल. राखणीच्या पाळ्या कोणी आणि कशा लावायच्या, हे तिसऱ्या. हे टिपण पहिल्याच बैठकीत वाचून दाखवावे. काही जण नाराज होतील, पण पुढे होणाऱ्या फसवणुकीच्या भावनेपेक्षा ती नाराजी परवडते.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासिकेने १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना केवळ वळवणे, मध्ये माहिती देणे आणि मत विचारणे, वर भागीदारी आणि सर्वांत वर प्रत्यक्ष नियंत्रण, असा तिचा क्रम आहे. ही शिडी वाचून अनेकांना वाटते की प्रत्येक वेळी सर्वांत वरची पायरी गाठलीच पाहिजे. माझे मत थोडे वेगळे आहे. वादळाचा इशारा देताना माहिती देणे ही पायरी पुरेशी असते. राखीव क्षेत्र आखताना भागीदारीखाली येऊन चालत नाही. कोणत्या पायरीवर उभे आहोत हे लपवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकीचेच ठरते. केवळ मत विचारायचे असेल तर तसे सांगावे. त्याला भागीदारी म्हणू नये.

कोणाला बोलवायचे

नोंदणीकृत संस्थांची यादी घेऊन पत्रे पाठवली की हे काम संपले, असे मानण्याची पद्धत आहे. या यादीत बोटमालक येतात, बोटीवरचे खलाशी येत नाहीत. हॉटेलवाल्यांची संघटना येते, तिथे रोजंदारीवर काम करणारे येत नाहीत. मासे पकडणारे पुरुष येतात आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या पट्ट्यात शिंपल्या, खेकडे वेचणाऱ्या स्त्रिया येत नाहीत, कारण त्या कामाला ‘मासेमारी’ म्हणायची सवयच नसते. हा भरती-ओहोटीमधला पट्टा कोणत्याही बांधकामाने, भरावाने किंवा बंदीने सर्वांत आधी हातचा जातो, आणि त्यावर ज्यांचे पोट आहे त्यांना बहुधा सर्वांत शेवटी कळते.

यावर उपाय साधा आहे. यादी कार्यालयात करू नये, किनाऱ्यावर करावी. एकाच किनाऱ्यावरून चार वेगवेगळ्या वेळी चालत जावे : पहाटे बोटी लागतात तेव्हा, दिवसा ऐन ओहोटीला, सुटीच्या दिवशी संध्याकाळी आणि हंगाम बंद असताना. प्रत्येक वेळी कोण काय करत आहे ते लिहून घ्यावे आणि भेटलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा : येथे आणखी कोण येते, जे आज दिसत नाही? या प्रश्नातून जाळी विणणारे, मासळी सुकवणारे, मिठागरावर काम करणारे, दूरच्या भागातून हंगामापुरते येणारे असे लोक पुढे येतात. हंगामी लोकांना बैठकीला आणणे अवघड असते हे खरे, पण ते किनाऱ्यावर असतील त्या महिन्यात एक बैठक ठेवणे अवघड नसते.

यादीची दुसरी मर्यादा भूगोलाची आहे. किनाऱ्याची वाळू प्रशासकीय हद्द पाळत नाही. लाटा तिरप्या येत असल्याने वाळू किनाऱ्याला समांतर सरकत राहते. एखाद्या ठिकाणी समुद्रात बांध घातला की प्रवाहाच्या वरच्या बाजूला वाळू साचते आणि खालच्या बाजूचा किनारा उपाशी राहून खचतो. त्यामुळे एका वस्तीचे संरक्षण ही शेजारच्या वस्तीची धूप ठरू शकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये किनारा आराखडे म्हणूनच वाळूच्या हालचालीच्या एककांवर आधारलेले आहेत. त्या दोन्ही प्रदेशांचा किनारा अशा ११ मोठ्या एककांत विभागलेला आहे. आपल्या कामाचे क्षेत्र लहान असले तरी खालच्या बाजूच्या शेजाऱ्यांना, तसेच नदीच्या वरच्या अंगाच्या लोकांनाही बोलवावे. धरणात अडलेला गाळ किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि वरच्या गावांचे सांडपाणी मात्र खाडीत पोहोचते.

प्रतिनिधी निवडताना आणखी एक गोष्ट तपासावी. जो माणूस गटाच्या वतीने बोलतो तो बैठकीतले बोलणे गटापर्यंत परत कसे नेतो? त्याचे उत्तर ‘मी सांगतो सगळ्यांना’ इतकेच असेल तर तो प्रतिनिधी नव्हे, केवळ पुढारी आहे. अशा वेळी पुढाऱ्याला वगळू नये, कारण वगळलेला पुढारी काम अडवू शकतो; त्याच्या जोडीला त्याच गटातील आणखी दोघांना बोलवावे आणि इतिवृत्ताची प्रत गटाच्या नेहमीच्या जमण्याच्या जागी लावावी.

माहिती द्यायची ती कशी

वेल्समधील फेअरबोर्न या सखल किनारी गावाची गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. समुद्राची वाढती पातळी पाहता या गावाचे संरक्षण कायम करत राहणे शक्य होणार नाही, काही दशकांनी ते हलवावे लागेल, अशी दिशा किनारा आराखड्यात आली होती. अनेक रहिवाशांना हे प्रथम कळले ते २०१४ मधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातून. त्यानंतर घरांचे व्यवहार थंडावले, घरांवर कर्ज मिळणे कठीण झाले आणि ज्या गावाला पुढच्या चाळीस वर्षांची तयारी शांतपणे करायची होती ते एका रात्रीत ‘बुडणारे गाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आराखड्यातील शास्त्र बरोबर असेलही, पण इतकी जड बातमी माणसाला त्याच्या घरी जाऊन, प्रश्न विचारायला वाव ठेवून सांगावी लागते आणि तिच्याबरोबर ‘मग आम्ही काय करायचे’ या प्रश्नाचे निदान अर्धे तरी उत्तर न्यावे लागते.

कागदपत्रे बैठकीच्या पुरेशा आधी, लोकांच्या भाषेत आणि फुकट मिळाली पाहिजेत. जाडजूड अहवालाचा सारांश काढताना अनिश्चितता गाळून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘समुद्र इतका वाढेल’ असे एकच आकडेवार विधान करण्याऐवजी कमी, मध्यम आणि अधिक वाढ झाल्यास उधाणाचे पाणी कोणत्या घरापर्यंत येईल, हे त्या घराजवळच्या खांबावर तीन खुणा करून दाखवले तर लोकांना ते लगेच उमगते. समुद्रकाठच्या माणसाला अनिश्चिततेची भीती नसते. तो रोज हवा बघूनच होडी लोटतो.

नकाशाभोवतीची बैठक

व्यासपीठ, माईक आणि समोर खुर्च्यांच्या रांगा या मांडणीतून माहिती मिळत नाही, भाषणे मिळतात. लोकांना ठाऊक असलेले खरोखर जाणून घ्यायचे असेल तर नकाशाभोवतीची बैठक घ्यावी. ती कशी घ्यायची हे थोडे सविस्तर सांगतो, कारण तिचे यश लहानसहान गोष्टींवर अवलंबून असते.

प्रथम दिवस आणि वेळ. भरतीचे वेळापत्रक समोर ठेवल्याशिवाय तारीख ठरवू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा ओहोटीही खोल जाते आणि शिंपल्या वेचणाऱ्यांचे तेच कामाचे दिवस असतात. हवा चांगली असेल त्या दिवशी बोटवाले समुद्रात असतात. तेव्हा प्रत्येक गटासाठी वेगळी वेळ लागेल आणि वेगळी बैठकही, कारण मालकासमोर खलाशी बोलत नाही आणि व्यापाऱ्यासमोर त्याची देणेकरी असलेली बाई बोलत नाही.

नकाशा मोठा छापावा, आठ-दहा जणांना एका वेळी सभोवती बसता येईल एवढा, आणि तो भिंतीवर न लावता जमिनीवर पसरावा. भिंतीवरच्या नकाशापाशी एकच माणूस उभा राहतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. त्यावर शक्यतो उपग्रहाचे चित्र असावे, भरतीची आणि ओहोटीची अशा दोन्ही रेषा असाव्यात. नकाशा पसरल्यावर तो कोणत्या बाजूने ठेवायचा हे लोकांना ठरवू द्यावे. ते बहुधा तो फिरवतात, कारण आपण जमिनीवरून समुद्राकडे पाहतो आणि ते समुद्रातून जमिनीकडे पाहतात. मग पहिली दहा मिनिटे ओळखीच्या खुणा शोधण्यात जाऊ द्यावीत : दीपगृह, डोंगराचा सुळका, एखादे उंच झाड, खाडीचे तोंड. वाट चुकल्यासारखी वाटणारी ही दहा मिनिटे फार उपयोगाची असतात, कारण त्यानंतर नकाशा तुमचा राहत नाही.

नकाशावर पारदर्शक प्लास्टिकचे कागद अंथरावेत, प्रत्येक हंगामासाठी एक, आणि रंगीत पेन लोकांच्या हातात द्यावेत. प्रश्न चारच विचारावेत. तुम्ही कोठे काम करता? कोणत्या महिन्यात? गेल्या दहा-वीस वर्षांत काय सरकले, काय नाहीसे झाले? आणि कोठे तुम्ही कधीच जात नाही, व का? शेवटच्या प्रश्नाची उत्तरे सर्वांत मोलाची असतात, कारण त्यांत बुडालेले खडक, गाळाचे थर, जुने वाद आणि माशांच्या विणीच्या जागा असे सगळे एकदम बाहेर येते. मच्छीमार जागा सांगतो ती अक्षांश-रेखांशात नव्हे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन जुळल्या, आणि खाली इतक्या वाव (खोली मोजण्याचे जुने माप) पाणी, अशी तो सांगतो. ते तसेच लिहून घ्यावे. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा नकाशावर आश्चर्य वाटावे इतकी अचूक निघते.

येथे एक सावधगिरी. चांगली मासळी मिळणारी जागा हे मच्छीमाराचे भांडवल असते आणि ते त्याने तुमच्या विश्वासावर उघडे केलेले असते. ते नेमक्या बिंदूंसह अहवालात छापले तर पुढच्या हंगामात तेथे दुसऱ्यांच्या बोटी दिसतील आणि त्यानंतर तुमच्या बैठकीला कोणी येणार नाही. जाहीर नकाशात बिंदूंऐवजी मोठे चौकोन दाखवावेत. बैठक संपताना ‘यातले काय बाहेर दाखवायचे आणि काय नाही’ हे मोठ्याने विचारावे, पुसायला सांगतील ते त्यांच्यासमोर पुसावे. नकाशाची एक प्रत तेथेच ठेवून यावी. नंतर त्यांच्यापैकी दोघा-तिघांबरोबर होडीतून जाऊन काही जागा प्रत्यक्ष पाहाव्यात. ज्यांनी नकाशावर चूक केली असेल ते ती होडीतच दुरुस्त करतात.

मतभेद आल्यावर

ते येणारच, आणि यायलाच हवेत. मतभेद न दिसणारी बैठक म्हणजे ज्यांचे नुकसान होणार आहे ते आलेलेच नाहीत, असे समजावे.

मतभेदाचे दोन प्रकार वेगळे करावेत. एक वस्तुस्थितीविषयीचा : बंधाऱ्यामुळे धूप वाढली की नाही, गाळ उपसल्याने मासळी गेली की पाणी तापल्याने. दुसरा हितसंबंधाचा : पाण्याचा हाच तुकडा जाळी टाकायला वापरायचा की पर्यटकांच्या नौका नांगरायला. पहिल्या प्रकारात दोन्ही बाजूंना मान्य होईल असा अभ्यासक आणि मान्य होईल अशी मोजणीची पद्धत आधी ठरवावी, निष्कर्ष नंतर पाहावा. निष्कर्ष समोर आल्यावर अभ्यासकाच्या पात्रतेवर वाद घालणे फार सोपे असते. दुसऱ्या प्रकारात अभ्यास कितीही केला तरी उत्तर मिळत नाही. तेथे जागेची आणि वेळेची वाटणीच करावी लागते.

कॅरिबियनमधील सेंट लुशियाच्या सुफ्रिएर भागात नेमके हेच भांडण होते. चिंचोळ्या किनारी पाण्यात मच्छीमार, पाणबुडे पर्यटक आणि शिडाच्या नौका एकमेकांना आडव्या येत होत्या. दीर्घ वाटाघाटींनंतर १९९५ मध्ये सुमारे ११ किलोमीटरच्या किनाऱ्याचे पट्टे पाडले गेले : काही पूर्ण राखीव, काही मासेमारीला प्राधान्य असलेले, काही नौका नांगरण्यासाठी, काही करमणुकीसाठी आणि उरलेले सर्वांसाठी. ही वाटणीही एका दमात बसली नाही; राखीव पट्ट्यांमुळे जागा गमावलेल्या मच्छीमारांची तक्रार राहिली आणि व्यवस्था पुन्हा तपासावी लागली. अशा कामात हे स्वाभाविक मानावे.

कॅलिफोर्नियाचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे १९९९ मध्ये सागरी संरक्षित क्षेत्रांचे जाळे उभारण्याचा कायदा झाला. पहिल्या प्रयत्नात शास्त्रज्ञांनी आधी नकाशे काढले आणि मग ते लोकांसमोर ठेवले. जो गदारोळ उठला त्यात तो प्रयत्न संपला. दुसरा पैशाअभावी थांबला. २००४ पासूनच्या तिसऱ्या प्रयत्नात किनाऱ्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागात मच्छीमार, पाणबुडे, संरक्षणवादी आणि इतर यांचे गट बसवले. शास्त्रज्ञांनी क्षेत्राचा आकार किती असावा, दोन क्षेत्रांत अंतर किती असावे असे निकष दिले, आणि रेघा ओढण्याचे काम या गटांनी संगणकावरील नकाशावर स्वतः केले. २०१२ पर्यंत १२४ संरक्षित क्षेत्रे अस्तित्वात आली आणि राज्याच्या अखत्यारीतील सुमारे १६ टक्के समुद्र त्यांत आला. निकष तज्ज्ञांचे आणि रेघ लोकांची, ही विभागणी कोणत्याही आकाराच्या कामात वापरता येते.

ज्यांचे उत्पन्न जाणार आहे त्यांच्या भरपाईचा विषय मात्र शेवटच्या बैठकीवर ढकलू नये. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाची नवी विभागणी १ जुलै २००४ पासून लागू झाली आणि मासेमारीला पूर्ण बंद असलेले क्षेत्र ५ टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर गेले. त्यासाठी दोन टप्प्यांत मिळून ३१,००० हून अधिक लेखी निवेदने आली आणि ती विचारातही घेतली गेली. पण मच्छीमारी व्यवसायाला द्यावयाच्या मदतीचा आधीचा अंदाज फारच तोकडा ठरला. प्रत्यक्षात हा खर्च २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. भरपाई कोणाला, कशाच्या आधारावर आणि कोणत्या पुराव्यावर मिळेल, याची चर्चा रेघा ओढतानाच सुरू व्हायला हवी. ज्यांच्याकडे उत्पन्नाचा कागद नाही, म्हणजे खलाशी आणि वेचणाऱ्या स्त्रिया, त्यांच्यासाठी पुराव्याचे वेगळे नियम लागतील हेही तेव्हाच लक्षात घ्यावे.

विचारल्यानंतरचे उत्तर

आता तो राहून जाणारा प्रश्न. लोकांनी वेळ दिला, माहिती दिली, वाद घातला. त्यांना परत काय मिळते? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. ‘आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे’ हे वाक्य म्हणजे तोंडाला पाने पुसणेच. आर्हुस करारात याविषयीही तरतूद आहे : लोकसहभागातून जे निष्पन्न झाले त्याचा निर्णयात योग्य विचार व्हावा, आणि निर्णय कारणांसह जाहीर व्हावा.

प्रत्यक्षात याचा अर्थ एक तक्ता. पहिल्या रकान्यात सूचना, ज्या शब्दांत आली त्या शब्दांत. दुसऱ्यात ती मान्य, अंशतः मान्य की अमान्य. तिसऱ्यात कारण, आणि चौथ्यात आराखड्यातील जे कलम किंवा जी रेघ बदलली तिचा क्रमांक. समान आशयाच्या सूचना एकत्र करता येतात, पण किती जणांनी ती केली हे लिहावे. ‘अमान्य’ या शेऱ्यापुढचे कारण लिहिताना हात अडखळला, तर तो निर्णय पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे असे समजावे. हा तक्ता अंतिम आराखडा निघण्यापूर्वी जाहीर करावा आणि मासळी उतरवण्याच्या धक्क्यावर, जेथे लोक खरोखर थांबतात तेथे, मोठ्या अक्षरांत लावावा. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत एकच गोष्ट करण्याइतका वेळ असेल तर हीच करावी.

ती न केल्यास काय होते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. सागरी संवर्धन क्षेत्रे ठरवण्यासाठी २००९ च्या कायद्यानंतर चार प्रादेशिक गटांनी दीर्घकाळ बैठका घेऊन २०११ मध्ये १२७ क्षेत्रांची शिफारस केली. सरकारने त्यानंतर पुराव्यांचा अधिक कडक निकष लावला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पहिल्या फेरीत २७ क्षेत्रे घोषित केली. पुढे ही संख्या ९१ झाली, पण मधल्या काळात देवाणघेवाण करून समझोता गाठलेल्या लोकांना आपण एका नियमाने खेळलो आणि निकाल दुसऱ्या नियमाने लागला, असे वाटणे साहजिक होते. पुराव्याचा निकष बदलायचाच असेल तर तो बैठका चालू असताना बदलावा आणि कारण त्याच लोकांसमोर बसून सांगावे.

राखण आणि मोजणी

आराखडा मंजूर झाल्यावर सहभाग संपत नाही, उलट त्याचा स्वस्त आणि टिकाऊ भाग तेव्हाच सुरू होतो. सामाईक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची जी लक्षणे नोंदवली, त्यांतील दोन येथे थेट लागू पडतात. राखण करणारे वापरणाऱ्यांना उत्तरदायी असावेत, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढत जावी. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या चुकीला लहानसा दंड, त्यानंतर काही दिवस बंदी, अशी चढती रचना लोक पाळतात. पहिल्याच चुकीला बोट जप्त करणारा नियम कागदावरच राहतो, कारण शेजाऱ्याची बोट जप्त करायला कोणीच धजावत नाही.

मोजणी लोकांच्या हातात देणे वाटते तितके अवघड नाही. सिडनीजवळच्या किनाऱ्यांवर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘कोस्टस्नॅप’ या उपक्रमात किनाऱ्यावर पोलादी खोबण बसवलेली असते. येणारा जाणारा माणूस तीत आपला मोबाइल ठेवून ठरावीक कोनातून छायाचित्र काढतो आणि पाठवतो. प्रत्येक छायाचित्राची वेळ माहीत असल्याने भरतीचा हिशोब घालून किनारारेषा कोठे आहे हे काढता येते. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. खोबणीसाठी फार पैसा लागत नाही, पण त्या छायाचित्रांतून काय निघाले हे तेथेच फलकावर लावले नाही तर काही महिन्यांत लोक फोटो पाठवणे थांबवतात.

एक धोका यशानंतरचा असतो. आपो बेटाची व्यवस्था नावाजली गेली, आणि १९९४ मध्ये ते बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले. त्यानंतर निर्णयाचे केंद्र सरकारी यंत्रणेने नेमलेल्या मंडळाकडे सरकले आणि ज्यांनी बारा वर्षे राखण केली होती त्यांचे म्हणणे मागे पडू लागले. वरच्या पातळीवरील मान्यता, निधी किंवा पुरस्कार स्वीकारण्यापूर्वी मंडळावर स्थानिकांच्या जागा किती आणि पर्यटकांकडून मिळणाऱ्या शुल्काचा किती हिस्सा गावात राहणार, हे लेखी ठरवून घ्यावे.

मुदत आणि फेरआढाव्याची तारीखही पहिल्याच नियमपत्रात घालावी, कारण कायमच्या बंदीपेक्षा मुदतीच्या बंदीला संमती लवकर मिळते. फिजीमधील उकुनिवानुआ या गावाने १९९७ मध्ये आपल्या किनाऱ्यालगतचे २४ हेक्टर क्षेत्र शिंपल्यांसाठी बंद केले, ते फक्त तीन वर्षांकरिता. दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या मदतीने गावातीलच काही जण दोरी अंथरून, तिच्या कडेने ठरावीक अंतरावर शिंपल्या मोजायला आणि नोंदवायला शिकले. आकडे त्यांनीच काढले, गावाच्या बैठकीत त्यांनीच मांडले. बंद क्षेत्रात आणि त्याच्या बाहेरही शिंपल्या वाढल्याचे दिसले. तीन वर्षांची मुदत संपली तेव्हा बंदी पुढे चालू ठेवण्याचा निर्णय गावाने घेतला.